नाकवाल्या शेट्यांची पुडी

"मग सांगा ना बाबा, हा असली का नकली?"

रेवणाप्पा शेट्यांनी कागदाची पुडी बाबांच्या पुढ्यात ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. आल्यापासून तिसऱ्यांदा.

हसनशा बाबांनी मान वर केली नाही. चादरीवर वाळत घातलेली फुलं हातानं सारखी करत बसले.

मी पलीकडं सूप घेऊन बसले होते. फुलातल्या काड्या वेचायच्या, माती पाखडायची, हे तकियातलं, बाबांच्या फकिरी मठीतलं, माझं काम. त्यात कान रिकामेच असतात, म्हणून ऐकायचंही काम माझंच.

"बाबूना आहे," शेटे म्हणले. "माझ्या दुकानातला. लोक म्हणतात, हसनशा बाबांसारखा बाबूना कुणाला कळत नाही. मी म्हणलो, बघू. परीक्षा घेऊ."

"कुणाची?" बाबांनी विचारलं.

"तुमची. अजून कुणाची?"

बाहेर चिंचेखाली त्यांची फटफटी सुरूच होती. बंद न करताच आत आले होते. फट फट फट... शेळ्या बिचाऱ्या दावं ताणून पार विहिरीपर्यंत सरकल्या होत्या.

"ती बंद कर," बाबा म्हणले.

"मला लगेच जायचंय."

"मग जा."

शेटे उठले. एका पायात चप्पल घातली. दुसरी घालता घालता थांबले अन् पुन्हा येऊन बसले. एक चप्पल पायातच.

बाबूना काय असतो ते सांगते. शेवंतीची धाकटी बहीण समजा. नखाएवढं फूल, मधे पिवळा गोंडा, भोवती पांढऱ्या पाकळ्या. वाळला की पाकळ्या मागं दुमडतात अन् गोंडाच तेवढा नजरेत भरतो. गरम पाण्यात टाकून झाकून ठेवला की पिकल्या सफरचंदासारखा वास सुटतो. डोळ्याला डोळा लागत नाही ती माणसं तो न्यायची, पोटात मुरडा आला की बायका न्यायच्या, अन् सगळ्यांत जास्त कोण न्यायचं तर बाळंतिणीची आई. लेकरू पाय पोटाशी घेऊन रडायला लागलं की चमचाभर पाणी पाजायला.

दुकानांत तो उत्तरेकडून पोत्यांनी यायचा. बाबांचा मात्र विहिरीपाशी स्वतःचा वाफा होता. त्यांच्या गुरूनं कुठूनसं बी आणून दिलं होतं म्हणे.

अन् शेटे म्हणजे कोण? तालुक्याच्या गावचे काष्ठौषधीचे व्यापारी. दुकानाच्या पाटीवर नाव वेगळं, पण सगळे म्हणायचे नाकवाले शेटे. वैद्य लोक त्यांच्याकडं पुड्या पाठवायचे. हे डोळे मिटून हुंगायचे अन् सांगायचे, हिरडा कुठल्या डोंगरातला, पावसाआधी तोडलाय का नंतर. नाकवाले म्हणलं की त्यांना राग नव्हता येत, बरं का. मान अजून दोन बोटं वर व्हायची.

आज ती मान एका जागी राहत नव्हती. दाराकडं बघ, बाबांकडं बघ, पुडीकडं बघ, उन्हाकडं बघ.

बाबांनी चादरीवरची मूठभर फुलं उचलली अन् माझ्यापुढं धरली.

"भागू, हा कसा आहे गं?"

मी हुंगलं. "दोन दिवस अजून राहू द्या. आत ओल आहे."

बाबांनी फुलं परत पसरली.

शेटे हसले. नाकातून हसतात ना काही माणसं, तसं. "एवढे मोठे फकीर, अन् ह्या बाईला विचारता?"

"हां."

"शिकलेली आहे का ती?"

"चौथीपर्यंत," मी म्हणलं. "चौथीत मास्तरांच्या खुर्चीला चिंचेचा कोळ लावला. मास्तर चिकटले, मी सुटले."

बाबा हसले. शेटे नाही हसले. गुडघा हलवत बसले. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळ, खुळखुळ.

तेव्हाच माझ्या एक गोष्ट ध्यानात आली...

शेटे बसले होते ते माझ्या टोपलीला टेकून. टोपलीत सुकट होती. सोमवारच्या बाजारातून आणलेली, चांगली करकरीत. तिचा वास असा की येणारा माणूस चार हात लांबूनच पदर नाहीतर उपरणं नाकाला लावायचा. बाबांनी तिच्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण बाकीचे करायचे. अन् शेटे तर लिंगायत, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा कधी आलं नसेल. त्यात नाकवाले.

अन् तोंड वाकडं नाही, काही नाही. खुशाल टेकून बसलेले.

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारखीनं गप्प बसायचं म्हणजे कसं बसायचं?

मी टोपली हळूच माझ्याकडं ओढली. बाबुन्याचं एक जुनं फडकं घेतलं. पाठ करून त्यात मूठभर सुकट टाकली, गाठ मारली, अन् लई अदबीनं शेट्यांपुढं आणून ठेवली.

"शेट," मी म्हणलं, "बाबा तुमची पुडी सांगतील. पण आधी तुम्ही आमची सांगा. वाफ्यातला आहे. तुमच्यासारखा माणूस आमच्याकडं कधी येतो?"

ते शेवटचं बोलणं त्यांना आवडलं. मला ठाऊक होतं, आवडणार.

त्यांनी फडकं उचललं. डोळे मिटले. नाकाला लावलं. लांब श्वास घेतला. असा लांब की मला माझा दाबून धरावा लागला.

"पहिली तोड," शेटे म्हणले.

"हो का..."

"सावलीत वाळवलाय. सफरचंदासारखा वास आहे. गोडसर." पुन्हा हुंगलं. "थोडा कोवळा तोडला तुम्ही. पण माल उत्तम."

मी गाठ सोडली.

सुकट त्यांच्या मांडीवर सांडली.

शेटे असे उडाले की पायातली एक चप्पल चादरीवर जाऊन पडली. उपरण्यानं नाक पुसलं, हात पुसले, पुन्हा नाक पुसलं. एका हातानं गळ्यातलं लिंग धरलं. तोंडानं शिव शिव शिव.

मी हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. सूप कलंडलं, तरी हसले.

मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं अन् माझं हसू आपोआप गेलं.

चिडलेला माणूस मी पुष्कळ बघितलाय. हा चिडलेला नव्हता. ह्याला कुणीतरी भर बाजारात उघडं केलं होतं.

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्याकडं.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

शेटे बाहेर फटफटीकडं बघत राहिले.

फट फट फट...

"चार महिने," ते म्हणले. "दिवाळीनंतर ताप आला. उठलो तर काहीच नाही. उदबत्ती नाही, फोडणी नाही. दुकान उघडलं तर... आयुष्यभर ज्या वासात बसलो, तो नाहीच. मातीच्या भिंतीसमोर बसल्यासारखं."

"कुणाला सांगितलं?"

"कुणाला सांगू? नाकवाल्याला वास येत नाही म्हणून?"

ते खाली बसले. आता टोपलीपासून लांब बसले, बिचारे.

"पुडीचं सांग," बाबा म्हणले.

"पोतं नवीन आलं. दलालानं मूठ पुढं केली. चार माणसं बघत होती." शेट्यांनी पुडीवरून बोट फिरवलं. "मी हुंगलं. डोळे मिटले. म्हणलो, उत्तम माल."

मघाशी म्हणले तसंच. तेच डोळे, तीच मान. मी खाली बघितलं.

"दुकानातला आहे, मग विकतोस का?" बाबांनी विचारलं.

"पोतं अजून मागंच आहे. घरापुरता तेवढा काढला."

"घरी कुणाला?"

शेट्यांच्या हातातल्या किल्ल्या थांबल्या.

"लेक बाळंतपणाला आलीय. शिवलीला. पहिलंच. सव्वा महिन्याचा नातू... रोज दुपारी निजवताना चमचाभर पाणी देतात. ह्याच पोत्यातल्याचं. आठ दिवस झाले. पोरगं गप्प व्हायचं तर जास्तच रडतंय. तोंडाभोवती लाल पुरळ उठलंय."

"डॉक्टर?"

"तो म्हणला, वरचं काही देऊ नका. मी म्हणलो, डॉक्टरला काय कळतं, पाणी आमच्या दुकानचं आहे." शेटे थांबले. "गिरजा म्हणली होती... माझी बायको. पहिल्याच दिवशी म्हणली, अहो, ह्याला कसला तरी घाण वास येतोय."

"मग?"

"मी म्हणलो, नाक कुणाचं? माझं का तुझं?"



शेळी एकदा ओरडली. फटफटी चालूच होती.

"म्हणून आलो," शेटे म्हणले. "परीक्षा-बिरीक्षा काही नाही. सांगा बाबा, असली का नकली. रस्त्यात कुणालाही हुंगायला देता आली असती पुडी. पण मग कळलं असतं सगळ्यांना... तुम्ही सांगा. तुम्ही कुणाला बोलणार नाही."

बाबांनी पुडीला हातसुद्धा लावला नाही.

"भागू, ह्याला दाखव."

मी उठले. वाफ्यातलं एक वाळलेलं फूल घेतलं. अन् वाफ्याच्या कडेला त्याच्यासारखंच दिसणारं एक रानफूल उगवतं, ते मी उपटून कुंपणावर टाकायचे, तिथलं वाळलेलं एक आणलं. दोन्ही शेट्यांच्या तळहातावर ठेवली. रानफुलाला वास असतो घाणेरडा, पण तो सांगून आज काय उपयोग होता?

"गोंडा नखानं उभा चिरा," मी म्हणलं.

"चिरू? बाबूना कुणी चिरतं का?"

"तुम्ही नसाल चिरत. माझी नखं बघा."

माझी नखं पिवळी होती. वर्षानुवर्षं पिवळी.

त्यांनी पहिला चिरला. उजेडाकडं धरला. "पोकळ आहे. आतून खाल्लाय, किडलाय." फेकून दिला.

दुसरा चिरला. "हा भरीव. गच्च आहे." त्यांच्या तोंडावर जरा जीव आला. "हा असली."

मी बाबांकडं बघितलं. बाबा फेकलेल्या फुलाकडं बघत होते.

"उचल," बाबा म्हणले.

"काय?"

"फेकलास तो. उचल."

शेट्यांनी वाकून उचलला. माती फुंकली.

"तो असली," बाबा म्हणले.

"पोकळ?"

"पोकळ."

शेटे त्या दोन अर्ध्यांकडं बघत राहिले. आतली एवढीशी जागा, मोहरी मावेल न मावेल एवढी. तीस वर्षं पोत्यांनी विकला, अन् एकदाही उघडून बघितला नव्हता त्यांनी. नाकाला सगळं कळत होतं, मग नखाला कोण विचारणार?

"आता तुझी पुडी," बाबा म्हणले.

शेट्यांनी पुडीची दोरी सोडायला घेतली. गाठ सुटेना. मी पुढं झाले तर हात मागं घेतला. मग परत पुढं केला.

"भागाबाई, सोडा जरा."

भागाबाई म्हणले. मघाशी मी नुसती 'ही बाई' होते.

मी गाठ सोडली. वास आलाच मला, लगेच. पण बोलले नाही. ते ज्याचं त्यानंच बघायचं होतं.

पहिलं फूल चिरलं. पोकळ.

शेट्यांनी श्वास सोडला.

दुसरं. पोकळ.

"बघा," ते म्हणले, "मी म्हणलंच होतं, माल..."

तिसरं चिरलं.

गच्च.

चौथं. गच्च. पाचवं पोकळ. सहावं गच्च...

सातवं त्यांनी चिरलंच नाही. दोन बोटांत धरून बसले.

"भेसळ आहे," ते म्हणले. "अर्धं-अर्धं." अन् मग माझ्याकडं वळून, अगदी बारीक आवाजात, "तुम्हाला वास आला का?"

"आला."

"कसा?"

"गिरजाबाईंना आला तसाच."

ते उठले. बसले. पुन्हा उठले. बाहेर ऊन बघितलं. चिंचेची सावली बुंध्याशी यायला लागली होती.

"दुपारी देतात," ते म्हणले. "निजवताना देतात. आता भांडं चुलीवर चढलं असंल."

"मग जा," बाबा म्हणले.

"जातो. पाणी फेकून देतो. पोतं जाळून टाकतो." दारापर्यंत गेले. परत आले. "पण काय म्हणून फेकू? गिरजा विचारंल, काल चांगलं होतं, आज काय झालं? लेक विचारंल. काय सांगू?"

बाबा चादरीवरची चप्पल उचलून झटकत होते. त्यांनी ती शेट्यांपुढं ठेवली.

"बाबा, मला नाकाचं औषध द्या. काहीही द्या. कडू द्या, जळजळीत द्या. चार दिवसांत वास यायला लागला, तर कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. पोराला मी आज बाहेरच्या बाहेर दुसरा बाबूना नेतो. तुमचा देता का थोडा?"

"बाबूना देतो. डॉक्टरला विचारून द्यायचा. तो नको म्हणला तर नको."

"अन् नाकाचं?"

"ते नाही."

"द्यायचं नाही का तुमच्याकडं नाही?"

"असतं तर मीच नसतं घेतलं?"

शेट्यांना ते लगेच उमगलं नाही. चप्पल पायात अडकवता अडकवता थांबले.

"म्हणजे?"

"वीस वर्षं झाली," बाबा म्हणले. "तापच होता. तुझ्यासारखाच."

"म्हणजे मघाशी... ती सुकट..."

"मला कुठं कळली? ही हसली तेव्हा कळली."

शेट्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तकियातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं ते. गावाला ठाऊक होतं. तालुक्याचा नाकवाला तेवढा राहिला होता. तुम्हालाही मी सांगितलं नाही म्हणा, पण तुम्ही तरी कुठं विचारलंत?

शेटे बाहेर गेले. पळतच गेले. फटफटीवर बसले, पाय उचलला. मग पाय पुन्हा खाली टेकला. तिथूनच ओरडून काहीतरी विचारलं. फट फट फट, एक अक्षर कळेना.

बाबांनी कानाला हात लावला.

तेव्हा शेट्यांनी आल्यापासून पहिल्यांदा फटफटी बंद केली.

एवढं गप्प झालं सगळं... विहिरीतल्या पारव्यांची फडफड ऐकू यायला लागली.

"वीस वर्षं, बाबा," शेटे म्हणले. आता ओरडायची गरज नव्हती, तरी आवाज फाटला. "लोक लांबून तुमच्याकडं येतात. लेकरांसाठी नेतात. नाक नसताना वीस वर्षं तुम्ही हे चालवलं कसं?"

बाबा वाकले. चादरीवरची मूठभर फुलं उचलली. शेट्यांकडं बघितलंसुद्धा नाही. मूठ माझ्यापुढं धरली.

"भागू, हा कसा आहे गं?"